म्हणे, इथे काही नव्हते!

मांजर्लीत जुन्या रहिवाशाला विचारा, तो हटकून सांगेल, "आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हते हो!" स्वरात पहिल्या मानकऱ्याचा रुबाब. त्याच्या इमारतीखाली भातखाचरे होती, बांधावर कुर्डू नि टाकळा होता, उल्हासच्या काठी करंज-उंबर होते. पण ते 'काही' नव्हे!

आमचे समीक्षक या गृहस्थाचेच भाऊबंद. कादंबरीत झाड आले की 'वातावरणनिर्मिती', ते नसले की 'वैराण'. 1955 सालची माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. अखेरीस दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते आणि आम्ही हळहळतो : निसर्गाने माणसाला हरवले! दुःख खोटे नाही. मेंढरू मेले की धनगराचे घरच मेले. पण माणदेश पर्जन्यछायेतला. तिथले गवत पावसाबरोबर उठते, बी टाकते, वाळते. मूळ नि बी जमिनीत दबा धरून बसतात. धनगर त्याच गवताच्या चालीने चालतो. चारा सरल्यावर निघणे ही हार कशी?

वनस्पतिशास्त्रात उघड्या जमिनीवर प्रथम येणाऱ्या वनस्पतींना 'पायोनियर' म्हणतात. अमेरिकेत विला कॅथरने 1913 साली नेब्रास्काच्या नांगरकऱ्यांची कादंबरी लिहिली, तिचे नावच 'ओ पायोनियर्स!'. ती ज्या विद्यापीठात शिकली तिथलाच फ्रेडरिक क्लेमेंट्स. 1916 साली वनस्पतींच्या अनुक्रमावर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्या मते त्या हवामानात कुरण हीच वाढीची अखेरची पायरी. गवत म्हणजे अर्धवट राहिलेले रान नव्हे. त्याचे सगळेच सिद्धांत पुढे टिकले नाहीत, पण एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. नांगरवाला उघड्या जमिनीवर आलाच नव्हता, भरल्या घरात शिरला होता! 1930 नंतरच्या दुष्काळात त्या मैदानांची नांगरलेली माती ढगांसारखी उडाली.

आणि 'वैराण' हा शब्द पुस्तकात थोडाच थांबतो? सरकारी दप्तरात त्याचे 'पडीक' होते. मग माळावर खड्डे, रोपे, कुंपण, समारंभाचे फोटो. आणि मेंढरांना चराई बंद. गवत मारून झाडे लावल्याचे पुण्य पदरात!

या सुट्टीत 'बनगरवाडी' पुन्हा काढा. मास्तराला जरा बाजूला बसवा आणि पाऊस, चारा, मेंढरे एवढ्यांवरच बोट ठेवून वाचा. माझी प्रत कोणी नेली आहे, त्यानेही वाचावी. मग परत करावी.