लाल कॅलिपर आणि खंडाळ्याचा घाट

तुफान पळणाऱ्या मोटारीची हौस आता मध्यमवर्गीयांच्या घरातही शिरली आहे. आमच्या पुतण्याचेच पाहा ना! गेल्या वर्षी त्याने एक छोटी पण तडफदार टर्बो गाडी घेतली, तीही वापरलेली. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी आईला मंडईत नेणे आणि रविवारी पहाटे लोणावळा, असा तिचा रतीब. परवा स्वारी आली ती हातात कागद घेऊनच.

"काका, ब्रेक बदलायचे ठरवलंय. मोठ्या डिस्क, चार पिस्टनांचे लाल कॅलिपर. सत्तर हजारांत होतंय. तुमचं मत काय?"

मत विचारल्यावर गप्प बसणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे, हे वाचकांना ठाऊक आहेच.

"आहेत त्या ब्रेकांनी काय गुन्हा केला?" मी विचारले. तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. महिन्यापूर्वी खंडाळ्याचा घाट उतरताना, खोपोली जवळ आली असता पेडल एकाएकी मऊ पडले. पाय खाली जातो आहे, पण गाडी म्हणावी तशी थांबत नाही! मागे वहिनी बसल्या होत्या. त्यांना काही कळले नाही, आणि याने अजून सांगितलेलेही नाही.

मंडळी, ब्रेक चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर. ब्रेकचे काम एवढेच, की गतीची उष्णता करून ती हवेत सोडून द्यायची. बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, तर निघालेल्या उष्णतेवर नळाचे जवळजवळ दीड लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे घरभर पाहुण्यांच्या चहाचे आधण! तीच गाडी ६० वरून थांबवली, तर उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक. आणि घाट? लोणावळ्याहून खोपोलीला येताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली उतरते. ती सारी उतरण ब्रेकांनीच सावरायची म्हटली, तर १०० वरून चौदा वेळा थांबण्याइतकी उष्णता त्यांच्या माथी बसते. म्हणून तर ट्रकवाले घाटात खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी रोखायला लावतात. आमच्या चिरंजीवांची गाडी ऑटोमॅटिक. तिच्यातही हाताने गिअर उतरवता येतो, पण ती सोय त्यांनी फक्त पळण्यासाठी वापरलेली!

मग मी सर्व्हिसचे पुस्तक मागवले. चार वर्षांत ब्रेक ऑइल बदलल्याची एकही नोंद नाही.

या ऑइलला हवेतले पाणी शोषण्याची खोड असते. 'डॉट ४' जातीचे कोरे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. पाणी मुरल्यावर तोच दंडक १५५ वर येतो. तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळले की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग तुम्ही पायाने दाबता ती वाफ. चाकापर्यंत काही पोचत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलून नळ्यांतली हवा काढली असती, तर वहिनींच्या पाठीमागे हे नाटक झालेच नसते.

मोठी डिस्क वाईट, असे माझे म्हणणे नाही. १९५३ साली फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जग्वारने जिंकली ती डिस्क ब्रेकांच्या जोरावर, असे जाणकार मानतात. पण तेथे प्रश्न चोवीस तास पुन्हा पुन्हा ब्रेक दाबण्याचा होता. मंडईच्या वाटेवर जुनेच ब्रेक चाक जखडण्याइतके समर्थ असले, तर एका थांब्याचे अंतर लाल कॅलिपरने फारसे घटत नाही. ते घटते चांगल्या टायरने. शिवाय मोठ्या डिस्कला मोठे चाक लागते. पिस्टन मोठे झाले आणि मास्टर सिलिंडर तोच राहिला, की पेडल खोल जाते. पुढच्या चाकांचा जोर वाढला की मागच्यांशी ठरलेला मेळ बिघडतो. भोके पाडलेल्या डिस्क दिसतात झकास, पण तापून-निवून तडे त्या भोकांपासूनच जायला लागतात. आणि विमा कंपनीला काय सांगणार?

म्हणून मी दुसरा कागद लिहून दिला. आधी ताजे ऑइल. मग चांगले पॅड, पण शर्यतीचे नव्हेत. ते थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या फाटकाशी ब्रेक थंडच असतात. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर पूर्ण न थांबता काही वेळा वेग उतरवून ते डिस्कवर बसू द्यायचे. रबरी नळ्या फुगत असतील तर पोलादी विणीच्या घ्यायच्या. टायर सोडले तर सारे सत्तर हजारांच्या पाव हिश्श्यात बसते. हे करूनही घाटात पेडल मऊ पडले, तर मोठ्या डिस्कचे पाहू.

त्याचा चेहरा पडला. "पण काका, लाल रंग?"

"उष्णता सोसणारा रंग डब्यात मिळतो. आहेत त्याच कॅलिपरांना लाव. आणि आईला सांगायचे काम तुझे."

त्याने सांगितले. वहिनी रागावल्या नाहीत. पुढच्या खेपेपासून आपण पुढे बसणार, असे मात्र त्यांनी जाहीर केले आहे. गिअर कितव्यात आहे ते त्यांना स्वतः पाहायचे आहे.