विश्लेषण : हापसा कोरडा का पडतो? दांड्या, झडपा आणि खाली जाणारे पाणी

मार्च उलटला की नाशिक जिल्ह्यात टंचाई आराखड्याची चर्चा सुरू होते. टँकर, विहिरींचे अधिग्रहण, नवीन विंधन विहिरी आणि त्याच यादीत 'विंधन विहिरींची विशेष दुरुस्ती'. जलजीवन मिशनमधून नळ आले, तरी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर नळाला पाणी नसले की पावले हापशाकडेच वळतात. पण हापसा 'बंद आहे' म्हणजे नेमके काय? पाणी संपले, की यंत्र बिघडले? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि गल्लत झाली की पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

पाणी ओढले जाते की उचलले जाते?

बऱ्याच जणांना वाटते की हातपंप पाणी शोषून घेतो. तसे असते तर तो फार तर सात मीटर खोलीपर्यंत चालला असता, कारण शोषलेले पाणी प्रत्यक्षात हवेच्या दाबाने वर चढते आणि त्या दाबाची मर्यादाच तेवढी आहे. बोअरमधील पाणी त्याहून बरेच खाली असते. म्हणून खरा पंप जमिनीवर नसतोच. तो पाण्यात बुडालेला, साधारण ६३ मिलिमीटर व्यासाचा पितळी अस्तराचा सिलिंडर असतो. वर दिसतो तो फक्त दांडा.

दांडा आणि सिलिंडर यांना जोडतात तीन-तीन मीटरच्या, १२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी दांड्या, एकीला एक आट्यांनी जोडलेल्या. दांडा खाली दाबला की दांड्या वर येतात आणि सिलिंडरमधला दट्ट्या वर सरकतो. दट्ट्याची झडप बंद असल्याने त्याच्या वरचे पाणी उचलले जाते. तळाची झडप उघडून नवे पाणी आत येते. दांडा वर गेला की दट्ट्या खाली येतो, तळाची झडप बंद होते, दट्ट्याची उघडते आणि आत आलेले पाणी दट्ट्याच्या वर जाते. दर हेलकाव्याला जेमतेम ४०० मिलिलिटर पाणी मिळते. चाळीस हेलकाव्यांत सुमारे १५ लिटर, म्हणजे एक हंडा.

तेलविहिरीशी नाते काय?

थेट नाते आहे. गुजरातेत मेहसाण्याच्या परिसरात शेतांमध्ये मान खाली-वर करणारी लोखंडी यंत्रे दिसतात. तिथेही हेच घडते: वर तुळई, खाली दांड्यांची माळ, तळाशी दट्ट्या आणि दोन झडपा. माणसाच्या हाताऐवजी मोटर आणि तोल सांभाळायला जड वजने, एवढाच फरक. खोली मात्र हजार मीटर आणि त्याहून अधिक, त्यामुळे दांड्या ताणल्या जाऊन लांबतात आणि दट्ट्याची धाव कमी होते. अमेरिकेत १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीतले तेलही सुरुवातीला साध्या हातपंपानेच काढल्याचे सांगतात. (मुंबई हायवर मात्र ही डुलती यंत्रे नाहीत. समुद्रातल्या फलाटावर त्यांना जागा कुठली? तिथे नळीत वायू सोडून तेल हलके करून वर आणतात.)

'इंडिया मार्क टू'त सोलापूर कुठून आले?

साठच्या दशकातील दुष्काळानंतर खडकात बोअर घेण्याची मोहीम सुरू झाली, पण त्यावर बसवले ते ओतीव लोखंडाचे पंप. एका कुटुंबाच्या वापरासाठी आखलेल्या परदेशी नमुन्यांच्या त्या नकला होत्या. गावाने दिवसभर वापरल्यावर ते टिकेनात. १९७४च्या सुमारास झालेल्या पाहणीत जवळपास तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. त्याच काळात जालना आणि सोलापूर येथील मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत पोलादी पंप तयार होत होते. सोलापूरच्या पंपात दांडा बॉल बेअरिंगवर फिरे आणि दांड्या साखळीने सरळ वर ओढल्या जात, त्यामुळे त्या घासत नसत. हीच रचना आधार धरून केंद्र सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने 'इंडिया मार्क टू' विकसित केला. कोइमतूर परिसरात चाचण्या झाल्या आणि १९७७-७८च्या सुमारास उत्पादन सुरू झाले. पुढे तो आफ्रिकेतही पोहोचला.

पाणी येत नाही, तेव्हा काय बिघडलेले असते?

हाताला बरेच काही कळते. दांडा अचानक हलका झाला, तर आत दांडी तुटली आहे किंवा आटा सुटला आहे. सकाळी पहिले वीस-पंचवीस हेलकावे कोरडे जाऊन मग पाणी येत असेल, तर तळाची झडप गळते आहे. पाणी रोजच्याच वेळेला येते पण धार बारीक झाली, तर दट्ट्याचे वायसर झिजले. ही सगळी कामे दुरुस्तीची. पण चार हंडे भरले की धार तुटते आणि तासाभराने पुन्हा येते, असे होत असेल तर पंप निर्दोष आहे; बोअरमध्ये झिरपणारे पाणी कमी पडते आहे. इथे नवे वायसर टाकून काहीही साधत नाही.

स्वस्त वायसरसाठी काम मात्र मोठे. मार्क टूमध्ये ते बदलायला ३० मीटरचे दहा पाइप, दांड्यांसह, वर काढावे लागतात. म्हणून जिल्हा परिषदेच्या यांत्रिकी पथकाची वाट पाहावी लागते. 'मार्क थ्री'मध्ये पाइप रुंद केल्याने दट्ट्या आतून वर काढता येतो, गावातच दुरुस्ती होऊ शकते. पण जाड पाइपांमुळे तो महाग पडतो.

आणखी दांड्या जोडून खोल का जात नाहीत?

हिशेब सोपा आहे. ३० मीटरवर दट्ट्यावरच्या पाण्याचा भार सुमारे ९५ किलो, दांड्यांचे वजन २७ किलो. दांड्याची तरफ आठपट असल्याने हाताला साधारण १५ किलो जोर लावावा लागतो. खोली दुप्पट झाली की जोरही दुप्पट. हंडा भरायला येणारी दहा-बारा वर्षांची मुलगी ते कसे करणार? मार्क टूची व्यवहार्य मर्यादा ४५ ते ५० मीटर मानतात. त्याहून खोल जाणारा, जास्त वजने लावलेला प्रकार आहे, पण तो चालवणे कष्टाचे.

शेतीच्या बोअरमधली पाणबुडी मोटर ही मर्यादा मानत नाही. २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे. १९९३च्या कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आहे. कागदावर दोन्ही स्पष्ट. बोअरची गाडी मात्र रातोरात काम उरकून पुढच्या शिवारात जाते. चांदवड, सिन्नर, येवला या अवर्षणप्रवण भागांत याचा पहिला फटका हापशाला बसतो, कारण पाणी सिलिंडरच्या खाली गेले की तो थांबतो, शेजारची मोटर चालूच राहते. सुरगाणा-पेठची अडचण वेगळी: पाऊस भरपूर, पण घट्ट बेसाल्ट खडक आणि तीव्र उतार यामुळे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते.

सौर दुहेरी पंपाचे काय?

वाड्या-पाड्यांसाठी एकाच बोअरमध्ये हातपंप आणि त्याच्याखाली एक अश्वशक्तीची सौर मोटर बसवतात. पाणी ५ हजार लिटरच्या टाकीत जाऊन नळांना मिळते. मोटर बिघडली किंवा आभाळ आले तरी दांडा शिल्लक राहतो. अट एकच: बोअरला पुरेसे पाणी हवे. टंचाईच्या प्रस्तावात 'दुरुस्ती' लिहिण्याआधी पाण्याची पातळी मोजली का, हे ग्रामसभेत विचारता येते. मोजायला दोरी आणि एक वजन पुरते, मात्र त्यासाठी पंपाचे डोके उघडावे लागते.