नकार द्यायची वेळच आली नाही, म्हणून गुन्हा संपत नाही!

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर नदीच्या काठी क्लार्क्सडेल नावाचं छोटं गाव आहे. तिथं रिव्हरसाइड हॉटेलची जुनी, साधी इमारत उभी आहे. ती आधी हॉटेल नव्हती. तो काळ्यांचा दवाखाना होता. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे हायवे ६१ वर मोटार अपघातात जबर जखमी झालेल्या थोर ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांना इथंच आणलं गेलं. त्याच सकाळी इथंच त्यांनी प्राण सोडला.

लगेच बातमी छापून आली, की गोऱ्यांच्या दवाखान्यानं त्यांना दारातून परत पाठवलं. एडवर्ड अल्बी यांनी त्यावर नाटकही लिहिलं. पुढे शोध घेतल्यावर कळलं, की तसं घडलंच नव्हतं. त्यांना थेट काळ्यांच्याच दवाखान्यात नेलं होतं.

झालं! 'बघा, परत पाठवलं नव्हतं, मग कसला वर्णद्वेष?' असं म्हणणारे पुढे आले.

या शहाण्यांना माझा एकच प्रश्न आहे. रक्तबंबाळ बाईला गोऱ्यांच्या दवाखान्यात न्यावं, असा विचारही कुणाच्या मनात का आला नाही? कारण उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. व्यवस्था मुरली की दारावर शिपाई ठेवावा लागत नाही, माणूस त्या दाराकडे फिरकतच नाही. आपल्याकडे 'आमच्या गावात जातपात नाही, कधी तंटा झाला नाही' म्हणणारे नेमकं हेच सांगत असतात. तंटा झाला नाही, कारण कुणी पायरी चढलं नाही. पायरी चढली असती तर समजलं असतं!

१९४४ साली झेड. एल. रॅटलिफ या काळ्या बाईनं त्या दवाखान्याचं हॉटेल केलं. ज्यांची गाणी गोरे आवडीनं ऐकत, त्या काळ्या कलावंतांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती. ती इथं मिळाली. आइक टर्नर इथं राहिले. रॉक अँड रोलची पहिली रेकॉर्ड असं अनेकजण जिला मानतात, त्या १९५१ च्या 'रॉकेट ८८' ची तालीम इथं झाली. बहिष्कृतांनी आपलं छप्पर आपणच उभारलं आणि त्याखाली जगाचं संगीत बदललं.

छपराची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राकडे आसरा मागितला, दोघांनीही तो दिला नाही. कामाठी बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहावी लागली.

राजेरजवाड्यांचे वाडे 'हेरिटेज हॉटेल' होतात. रिव्हरसाइडचं २०२० च्या वादळात नुकसान झालं, ते बंद पडलं आणि २०२१ साली अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यातल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेलं. शोषकांचा संगमरवर म्हणे वारसा, आणि शोषितांच्या विटा म्हणजे पडीक बांधकाम! पण दोष फक्त दुसऱ्यांना देऊन चालणार नाही. २०१६ साली दादरचं आंबेडकर भवन आणि त्यातली बुद्धभूषण प्रेस रातोरात जमीनदोस्त झाली. मोर्चा आपण नंतर काढला.

तेव्हा बांधवांनो, पुतळ्याला हार घालून घरी जाऊ नका. आपल्या गावातलं जुनं वसतिगृह, वाचनालय, समाजमंदिर शोधा. तिथं कोण राहिलं, कोण शिकलं, ते म्हाताऱ्या माणसांकडून आजच लिहून घ्या. इमारत पडली की 'असं काही घडलंच नव्हतं' म्हणणारे तयारच असतात.

जय भीम!