फुंकतो कोण आणि नमुना कोणाचा?

धर्मापुरीच्या थांब्यावर एसटी चालकांच्या नशा-तपासणीचा विषय निघाला, की एक वाक्य ठरलेलं असतं: “तपासणीचं काय घेऊन बसलात, तिथंही सेटिंग होते.” होते, कबूल. पण म्हणून तपासणीच नको, हा निष्कर्ष मला मान्य नाही. झालेली सेटिंग उघडी कशामुळे पडते, तेही बघायला हवं.

पुण्याचं प्रकरण घ्या. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीनं दोघांचा जीव घेतला. ससून रुग्णालयात त्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताऐवजी त्याच्या आईचं रक्त तपासणीला गेलं, असा पोलिसांचा आरोप आहे. डॉक्टरांना अटकही झाली. लोकांनी यातून धडा काय घेतला? पैसेवाल्यांचं रक्तही बदलता येतं, एवढाच. मात्र पोलिसांनी औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता. दोन्ही नमुन्यांचे डीएनए जुळले नाहीत, आणि बिंग फुटलं. एकाच ठिकाणी, एकाच बाटलीवर भिस्त ठेवली असती तर?

कामाच्या ठिकाणच्या तपासणीचं शास्त्र याच संशयावर उभं आहे. अमेरिकेत सरकारी नियमांखाली होणारी लघवीची तपासणी पाहा. स्वच्छतागृहाच्या टाकीत आधीच निळा रंग टाकतात, म्हणजे तिथलं पाणी मिसळण्याची सोय राहत नाही. नमुना हाती आल्यापासून चार मिनिटांत त्याचं तापमान बघतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये हवं. खिशातून आणलेली दुसऱ्याची बाटली बहुधा इथंच अडकते. भरमसाट पाणी पिऊन आलेल्याचं क्रिएटिनिन आणि लघवीची घनता घसरलेली दिसते. रसायन मिसळलं तर सामू बिघडतो किंवा नायट्राइट सापडतं. मग नमुना दोन बाटल्यांत, कर्मचाऱ्यादेखत सीलबंद होतो आणि पुढं तो कोणाकोणाच्या हातून गेला याची नोंद राहते. लबाडी होणारच, असं धरूनच हे नियम केले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निर्दोष माणूस अडकतो. जुलै २०२५ मध्ये केरळात पंदलमच्या आगारात फणस खाल्लेले बसचालक ब्रेथ ॲनालायझरवर ‘प्यायलेले’ ठरले. पण चालकांनी हरकत घेतली, पुन्हा पडताळणी झाली आणि दोष फणसाचा निघाला. यंत्राचा पहिला आकडा हा फक्त संशय असतो. सीलबंद दुसरी बाटली साहेबापेक्षा कामगाराच्याच जास्त कामाची, हे कामगार संघटनांनी ध्यानात घ्यावं.

“लहानांनाच पकडतात” म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की नोव्हेंबर २०१८ मध्ये एअर इंडियाचे ऑपरेशन्स संचालकच उड्डाणाआधीच्या श्वासचाचणीत अडकले आणि त्यांचा वैमानिक परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला.

एक गोष्ट मात्र विरोधकांची खरी. गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस राहतो. तेवढ्यावरून माणूस आज कामावर नशेत होता हे ठरत नाही. म्हणून कारकुनाची तपासणी नको, आणि चालकालाही पहिल्याच निकालावर घरी बसवणं नको. विमान वाहतुकीत ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत प्राथमिक चाचणीत दोष दिसला तर माणसाला कामावरून बाजूला करतात, पण निर्णय पक्क्या चाचणीनंतरच होतो. एसटीनं हेच उचलावं.

आपल्याकडे हे अवघड नाही. तपासणीचा दिवस आगाराबाहेरच्या माणसानं ठरवावा. फुंकणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात यावा. वाद झाला तर दुसरा नमुना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जावा. आणि हंगामात उसाचं वजन किलोपर्यंत मोजणाऱ्या साखर कारखान्यांनी, त्याच काट्यावर थांबणाऱ्या ट्रॅक्टरचालकालाही यंत्रात फुंकायला लावावं.