बादली कुठे ठेवायची?

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरामागच्या पडवीवर पांढरा रंग मारायला मी एका रंगाऱ्याला बोलावले. पडवीवर सिमेंटचा पत्रा आहे. दुपारी त्याखाली बसवत नाही आणि आमची अम्मी तिथेच शिवणाचे मशीन घेऊन बसते. ऊन परतवणारा पांढरा रंग मारला की खोली जरा निवते, असे गल्लीतल्या दोघांनी सांगितले होते. काम उक्ते ठरले. साहित्य माझे, मजुरी त्याची. तो चार हजार सांगत होता, मी साडेतीनवर आणले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झाले त्यात त्या पाचशे रुपयांचाही वाटा आहे.

सकाळी नऊला तो शिडीने वर चढला. दोरीने वीस लिटरची बादली ओढून घेतली आणि वरूनच विचारले, "सर, बाल्टी कहाँ रखूँ?" मी अंगणात खुर्ची टाकून दहावीच्या सराव पेपरांचे गठ्ठे लावत होतो. मान वर न करता म्हणालो, "रख लो कहीं भी, सँभाल के."

मला वाटले, हा काय प्रश्न झाला! पण खरा प्रश्न तोच होता. उतरत्या पत्र्यावर बादली ठेवायला सपाट जागाच नसते. रंगारी मग बादलीला आपल्या पायाचा टेकू देतो आणि एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्या हाताने ब्रश किंवा रोलर फिरवतो. हात पुरेनासा झाला की पाय हलवावा लागतो, पाय हलला की बादली सरकते. भरलेली बादली पंचवीस किलोच्या पुढे असते. ती सरकली तेव्हा त्याने झडप घातली. माझा रंग वाया जाऊ नये म्हणून घातली. त्या झटक्यात त्याचा पाय पत्र्याच्या मधोमध पडला आणि पत्रा पापडासारखा मोडून तो खाली आला. साधारण अकरा फूट. अम्मी तेव्हा वुजू करायला उठली होती, म्हणून ती वाचली. तो वाचला, पण टाचेचे हाड फुटले. चार महिने काम बंद. त्याचा मुलगा माझ्याच आठवीच्या वर्गात आहे. त्या चार महिन्यांत मुलगा शाळेत किती दिवस आला ते माझ्याच हजेरीपटावर लिहिलेले आहे.

दवाखान्याचा खर्च मी केला. त्यात मोठेपणा काही नाही, गल्लीसमोर मान खाली गेली होती. पण लोक भेटायला येत तेव्हा प्रत्येक जण तेच म्हणायचा, "अल्लाहने वाचवले." वाचवले, शंका नाही. पण उंट बांधण्याविषयीची हदीस आपण मुलांना मदरशात पाठ करून घेतो. आधी उंट बांधायचा आणि मग तवक्कल करायचे, हा क्रम आहे. आमच्या पत्र्यावर उंट बांधायला खुंटीच नव्हती.

ती खुंटी म्हणजे नेमके काय, हे मी नंतर शोधले. अमेरिकेत घरांची छपरे डांबरी चकत्यांची असतात, एकीवर एक अशा रचलेल्या. तिथे उतारावर काम करणारे लोखंडी त्रिकोण वापरतात. त्रिकोणाची एक बाजू छपराच्या उतारावर बसते आणि दुसरी आडवी, जमिनीला समांतर राहते. असे दोन त्रिकोण ठोकून त्यांवर फळी टाकली की उतारावर सपाट जागा तयार होते. माणूस तिथे उभा राहतो. बादलीसाठी याच तत्त्वावरचा लहान त्रिकोण असतो. इंग्रजीत त्याला ब्रॅकेट म्हणतात. मराठी शिकवणारा मी, शब्दकोशात पाहिले तर ब्रॅकेटला 'कंस' दिलेले. वेल्डिंगवाल्याकडे जाऊन "एक कंस करून द्या" म्हणालो असतो तर त्याने मला चहा पाजून परत पाठवले असते. कागदावर आकृती काढून दाखवली, तेव्हा तो चटकन म्हणाला, "घोडी चाहिए आपको, ढलानवाली." तेव्हापासून मीही घोडीच म्हणतो.

अमेरिकेची घोडी मात्र आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. त्यांच्या चकत्यांखाली सलग लाकडी पाट असतो, त्यात खिळा धरतो. आपल्या कौलांखाली नुसत्या रिपा आणि वासे, आणि सिमेंटच्या पत्र्याखाली तेवढेही नाही. काही काही फुटांवर एक लोखंडी आडवा पाइप, मधला पत्रा अधांतरी. मंगलोरी कौलाचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला. तेव्हापासून कोकणापर्यंत ही कौले पोचली, निजामपुऱ्यातल्या जुन्या घरांवर अजूनही आहेत. पण कौलावर माणसाने चालायचे कुठे, याचे ज्ञान फक्त कौले शाकारणाऱ्या जुन्या हातांना होते. ते वाशाच्या रेषेवर पाय टाकत. ते हात आता उरले नाहीत, आणि रंगारी बिचारा भिंतींवर शिकलेला.

म्हणून आपली घोडी खिळ्याने बसवायची नाही, आढ्यावरून अडकवायची. आणि ही काही माझी कल्पना नाही. बांधकाम मजुरांच्या सुरक्षेसाठी केंद्र सरकारने १९९८ मध्ये नियम केले, त्यात तीव्र उताराच्या छपरावरच्या कामाचे वेगळे प्रकरण आहे. छपराच्या उताराला बसेल अशी घोडी हवी, ती खालच्या टोकदार खिळ्यांनी घट्ट ठोकलेली हवी, नाहीतर आढ्यावरून नेलेल्या दोरीने बांधलेली हवी, असा त्याचा आशय. रांगत जायच्या फळ्यांविषयीही त्यात आहे. फळी आढ्याला आकड्याने अडकवलेली असावी आणि तिच्या शेजारून जीवरक्षक दोरी ताणलेली असावी. वाचून मी थक्क झालो. आमच्या पडवीवर जे नव्हते ते सगळे पंचवीस-सव्वीस वर्षे कागदावर होते.

मग ते पत्र्यावर का आले नाही? हे नियम ज्या १९९६ च्या कायद्याखाली झाले, तो दहा किंवा जास्त मजूर असतील तिथेच लागू झाला, आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्याने वगळले. कारखान्यांचा १९४८ चा कायदा घ्या. उंचीवर काम करणारा पडण्याचा धोका असेल तर कुंपण किंवा दुसरी सोय करा, असे त्यात होते. पण तिथेही मूळ कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा किंवा जास्त कामगार असेच धरले होते. भिवंडीत एका पत्र्याखाली किती माग आणि कागदावर किती मालक, हे मी इथल्या लोकांना सांगायला नको. २०२० मध्ये संसदेने तेरा कायदे एकत्र करून नवी संहिता मंजूर केली. पण कायदा कितीही नवा असला तरी माझ्या पडवीवरच्या एकट्या रंगाऱ्यापर्यंत तो पोचेल, अशी वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

२०२० च्या सप्टेंबरात पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली तेव्हा सगळा देश भिवंडीकडे बघत होता. तीसहून जास्त माणसे गेली, ती रात्र आपण विसरणार नाही. पण पत्र्यातून पडणारा माणूस एकटा पडतो. त्याची बातमी झाली तर उर्दू पेपरात चार ओळी. मे महिन्यात शांतीनगर, गैबीनगर, नागाव कुठल्याही बाजूला उंचावरून पाहा. पत्र्यांचा समुद्र आहे, आणि त्यावर ठिकठिकाणी माणसे. कोणी फटीत डांबर भरतो आहे, कोणी प्लास्टिक अंथरतो आहे, कोणी पांढरा रंग मारतो आहे. सगळ्यांची घाई एकच, पाऊस यायच्या आत. मशिदी आणि मदरशांची रंगरंगोटी रमजानच्या आधी, घरांची ईदच्या आधी. घाई तिथेही.

आणि इथेच माझे खरे म्हणणे आहे. लोक म्हणतात, वर कसे चढायचे ते रंगाऱ्याने बघावे, त्याचा धंदा आहे. मीही तेच म्हणत असे. पण छपराची माहिती कोणाला असते? रंगारी त्या पत्र्यावर आयुष्यात पहिल्यांदा चढतो. पत्रा वीस वर्षांचा आहे की चाळीस, गेल्या पावसात कुठे तडा गेला, पाइप कुठून कुठे गेलेत, हे घरमालकाला ठाऊक असते. मागवाल्यांच्या शेडमध्ये उजेडासाठी मधेमधे फायबरचा पारदर्शक पत्रा टाकतात. त्यावर एकदा पांढरा रंग बसला की वरून तो सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो आणि पाय ठेवला की थेट खाली. रंगाची आणखी एक गोम आहे. पत्र्यावरच्या बोल्टांची रांग म्हणजे खालच्या पाइपची रेषा, जाणता माणूस तिच्यावरच पाय टाकतो. दोन हात रंग चढले की ती रांगही झाकते. म्हणजे जुना रंग नव्या रंगाऱ्याला आंधळा करतो. हे सगळे मला माहीत होते किंवा विचारले असते तर कळले असते. मी खाली पेपर लावत होतो.

तौरातमध्ये नवे घर बांधणाऱ्याला छपराला कठडा घालायचा हुकूम आहे, आणि कोणी पडला तर त्या रक्ताचे ओझे घरावर येते असे म्हटले आहे. आपल्या हदीसमध्येही कठडा नसलेल्या छपरावर झोपू नये म्हणून सांगितले आहे. छपराची जबाबदारी हा काही आजचा शोध नाही. पडणाऱ्याच्या नशिबावर ती ढकलणे हा मात्र आपला शोध आहे.

आमच्या वेल्डरने दोन घोड्या आणि बादलीसाठी एक लहान घोडी केली. एल अँगलचा त्रिकोण, वरच्या बाजूला कडी, आणि उतार कमीजास्त करायला पायाच्या पट्टीत भोके. बादलीच्या घोडीला चारी बाजूंनी बोटभर उंच काठ. लोखंड आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत बसले. त्याशिवाय जाड लाकडाच्या दोन लांब फळ्या, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, टोकाला आकडा. सिमेंटच्या पत्र्यावर घोडी नुसती ठेवायची नाही. आधी फळी आढ्यापासून वळचणीपर्यंत टाकायची, म्हणजे वजन कमीत कमी दोन-तीन पाइपांवर वाटले जाते. घोडी त्या फळीला अडकवायची. आढ्यावरून नेलेली दोरी पलीकडच्या खांबाला बांधायची, खिडकीच्या जाळीला नाही. मी मास्तर आहे, इंजिनिअर नाही. म्हणून एका ओळखीच्या सिव्हिलवाल्याला दाखवले. त्याने दोन वेल्ड पुन्हा मारायला लावले आणि एक गोष्ट बजावली: घोडी सपाट जागा देते, पडण्यापासून वाचवायला अंगभर बांधायचा पट्टा वेगळा लागतो.

पट्ट्याचेही ऐका. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असली तर सुरक्षा संच मिळतो, त्यात पट्टा असतो. आमच्या रंगाऱ्याची नोंद नव्हती. नोंदीसाठी मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. रोज नाक्यावर उभा राहून रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्याला ते कोण देणार? आपण घरमालकांनी आपल्या दोन-चार दिवसांचा हिशेब तारखेसह सही करून त्याच्या हातात द्यायला काय जाते? पुरावा म्हणून तो कितपत धरला जाईल ते कार्यालय बघेल. पण त्याच्याजवळ दाखवायला काहीतरी राहील.

जाता जाता, पत्रा रंगवण्याआधी तो कोरडा खरवडू देऊ नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ छातीत बसते. पाणी मारून ओला करून घासायचा. घासणाऱ्याला धोका आहेच, खालच्या खोलीतल्या लेकरांनाही आहे.

घोडी लावायला वेळ जातो, हे खरे आहे. दर वेळी फळी हलवा, दोरी सोडा, पुन्हा बांधा. एका दिवसाचे काम दीड दिवसावर जाते आणि अर्ध्या दिवसाची मजुरी वाढते. माझ्या बाबतीत ती पाचशेच्या आसपासच होती. रंगारीही कुरकुर करतात. एका तरुण पोराने मला तोंडावर सांगितले, "सर, ये सब पहन के, बाँध के लोग हँसेंगे." मी म्हणालो, हसू दे. तो फळीवर चढला, पण पट्टा लावला नाही. त्या दिवशी मी त्याला खाली उतरवून घरी पाठवले, अर्धी मजुरी देऊन. पटले नसावे त्याला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा पट्टा लावूनच चढला, गप्पच होता.

घोड्या आमच्या जिन्याखाली ठेवल्या आहेत. गल्लीत कोणालाही मोफत, अट एकच, नेणाऱ्याने स्वतः खाली उभे राहायचे. या मे महिन्यात त्या सात घरी जाऊन आल्या. मशिदीच्या कमिटीने स्वतःची जोडी करून घ्यायची ठरवली आहे, ठरवून दोन महिने झाले. शेवटच्या घरून आलेल्या घोडीची कडी थोडी वाकली आहे, ती वेल्डरकडे टाकायची आहे. पांढरा रंग मारायचा राहिलेला आमच्या पडवीचा तुकडा अजून तसाच आहे. टाच बरी झाल्यावर तोच रंगारी येणार म्हणाला आहे. मजुरी त्याने चार हजारच सांगितली, मी हो म्हणालो.