बार्ज बुडाला, मालक तरले!

१७ मे २०२१. तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ बार्ज बुडाला. २६१ जण वर होते, वाचले १८६. कित्येक प्रेते डीएनए तपासून ओळखावी लागली. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता. पण या बार्जला स्वतःचे इंजिनच नव्हते, टगने ओढला तरच हलणार! मग वेळेत बंदरात आणायचा कोणी? तेलक्षेत्र ओएनजीसीचे, काम ठेकेदाराचे, बार्ज तिसऱ्याचा, वेल्डर-फिटर उपठेकेदारांचे. आणि पोलिसांनी आधी गुन्हा नोंदवला कॅप्टनवर. वा!

मित्रांनो, ओएनजीसीच्या कायम नोकरीत आरक्षण आहे, ठेक्यात नाही. आयटीआय झालेली आपली पोरे त्या ठेक्यावरच समुद्रात जातात. आपण मात्र मोर्चात ऑफिसातल्याच जागा मोजत बसतो. बार्जवरच्या मजुराचा मुख्य मालक ओएनजीसीच, ही मागणी निवेदनात पहिली लिहा.