खांबांची उंची

माझ्या नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी संगणकावर आलेख काढला. कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २००१ साली सुमारे ११.९ लाख, २०११ साली १२.५ लाख. पण पडद्यावर दुसरा खांब पहिल्याच्या दुपटीहून उंच! उभा अक्ष शून्याऐवजी ११.५ लाखांपासून सुरू होत होता. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. ठेवींचे आलेख साहेबांपुढे ठेवताना ही युक्ती आम्हीही केली आहे.

नातीने अक्ष शून्यावर आणला. खांब जवळजवळ सारखे झाले. मग शहर दहा वर्षांत वाढलेच नाही? डोंबिवलीची सकाळची लोकल तर वेगळेच सांगत होती.

उत्तर आलेखात नव्हतेच. २००२ साली २७ गावे महापालिकेतून वगळली गेली. ती परत आली २०१५ साली. म्हणजे पहिल्या आकड्यात ती गावे होती, दुसऱ्यात नव्हती.

अक्ष सरळ करणे हे अर्धेच काम. आकड्यात कोण मोजले गेले, हे आधी विचारावे. खांबांखाली तेवढी एक ओळ मी नातीला लिहायला लावली. मोजणीतून सुटलेल्यांनाही पाणी लागतेच की!